ॲलिसकडून काहीही शिकू नका

‘ॲलिस इन वंडरलँड’मधून आपण काय शिकतो, असं गूगलला विचारून बघा. हवं तर हा लेख दोन मिनिटं बाजूला ठेवा आणि आत्ताच विचारा. धड्यांची रांग लागेल. कुतूहल जपा. बदलाला घाबरू नका. स्वतःची ओळख शोधा. ध्येय ठरवल्याशिवाय वाट धरू नका. कुणी पाच धडे काढलेत, कुणी सात, कुणी दहा. त्यांची रील्स आहेत, पोस्टर्स आहेत, कॉफीच्या मगवर छापलेली वाक्यं आहेत. एका मुलीनं सशाच्या मागं बिळात उडी मारली, आणि दीडशेहून अधिक वर्षांनी तिच्या नावानं आपण व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग चालवतोय.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. या गोष्टीतून आपण काहीही शिकत नाही. ती शिकवण्यासाठी सांगितलेलीच नव्हती. उलट मुलांना उठता-बसता काहीतरी शिकवत राहण्याची मोठ्यांना जी खोड असते, तिची या पुस्तकानं यथेच्छ टिंगल केली. त्यातून धडे काढत बसणं म्हणजे एखाद्यानं विनोद सांगितल्यावर वही उघडून ‘बोध काय घ्यायचा?’ असं विचारणं. मला ही खोड नुसती हास्यास्पद वाटत नाही, घातक वाटते. का, ते सांगण्यासाठी ही गोष्ट मुळात कशी घडली तिथपासून सुरुवात करायला हवी.

एक होडी आणि तीन मुली

४ जुलै १८६२, शुक्रवार. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवणारा चार्ल्स लटविज डॉजसन नावाचा तीस वर्षांचा माणूस त्याच्या रॉबिन्सन डकवर्थ या मित्राला घेऊन होडीतून निघाला. सोबत तीन बहिणी होत्या. लोरिना तेरा वर्षांची, ॲलिस दहा वर्षांची आणि ईडिथ आठ वर्षांची. त्यांचे वडील हेन्री लिडल हे त्या कॉलेजचे प्रमुख, म्हणजे डीन. ग्रीक शिकणारे विद्यार्थी आजही जो जाडजूड कोश वापरतात, त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक. घरात विद्वत्ता अशी ओसंडून वाहत होती.

फॉली ब्रिजपासून गॉडस्टोपर्यंत, थेम्सच्या वरच्या अंगाला, साधारण पाच किलोमीटरचा प्रवास. तिथली माणसं नदीच्या या भागाला आयसिस म्हणतात. काठावर चहा झाला. रात्री सव्वाआठच्या सुमाराला मंडळी परतली. मुलींनी गोष्ट मागितली होती आणि डॉजसननं ती वल्ही मारता मारता रचली. पुढं पंचवीस वर्षांनी त्यानं लिहून ठेवलं की नायिकेला त्यानं थेट सशाच्या बिळात पाठवलं खरं, पण खाली गेल्यावर तिचं काय करायचं याची त्याला काडीमात्र कल्पना नव्हती. डकवर्थनंही आठवण सांगितली आहे: ही गोष्ट तू आत्ताच जुळवतोयस का, असं त्यानं होडीतच विचारलं, आणि डॉजसन हो म्हणाला.

हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. सांगणाऱ्यालाच शेवट ठाऊक नसेल, तर तो गोष्टीत तात्पर्य कुठून पेरणार? तात्पर्यवाली गोष्ट नेहमी शेवटाकडून रचली जाते. आधी ठरतं की मुलाला प्रामाणिकपणा शिकवायचा, मग त्यासाठी लाकूडतोड्या येतो, कुऱ्हाड येते, देवता येते. ॲलिसच्या गोष्टीत मात्र ससा आधी आला. तो धावत होता म्हणून ती मागं गेली. पुढचं पुढं.

गोष्ट सांगून संपली असती तर संपली असती. त्याच्या आधी आणि नंतर त्यानं मुलींना सांगितलेल्या कित्येक गोष्टी तशा हवेत विरल्याही. पण त्या रात्री निरोप घेताना दहा वर्षांच्या ॲलिसनं हट्ट धरला की ही गोष्ट मला लिहून द्या. दुसऱ्या दिवशी लंडनला जाताना त्यानं प्रकरणांची टिपणं काढली. मग अडीच वर्षांच्या आसपास रेंगाळत रेंगाळत, स्वतःच्या हातानं ३७ चित्रं काढून, त्यानं वही पुरी केली आणि २६ नोव्हेंबर १८६४ रोजी तिला भेट दिली. नाव होतं ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स अंडर ग्राउंड’. छापायचं ठरल्यावर मजकूर जवळजवळ दुप्पट झाला. दात विचकणारी चेशायर मांजर आणि वेड्यांची चहापार्टी ही सगळ्यांत गाजलेली मंडळी त्या मूळ वहीत नाहीतच, ती नंतर आली.

१८६५ साली मॅकमिलननं पुस्तक काढलं. चित्रं ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचा चित्रकार जॉन टेनिअल याची. पहिल्या दोन हजार प्रती छापून झाल्या, पण छपाई टेनिअलला पसंत पडली नाही. लेखकानं त्या मागं घेऊन पुन्हा छापायला लावल्या, आणि खर्च लेखकाचाच होता. पुस्तकावर नाव आलं लुईस कॅरल. आज या पुस्तकाची भाषांतरं दीडशेहून अधिक भाषांत आहेत.

आपण जयंत्या साजऱ्या करतो त्या लेखकाच्या. या पुस्तकाच्या बाबतीत मला साजरा करावासा वाटतो तो एका मुलीचा हट्ट. ‘लिहून द्या’ असं म्हणणारी ऐकणारी नसती, तर हा गणिताचा मास्तर तर्कशास्त्राच्या इतिहासात तळटिपेपुरता उरला असता. तिनं ‘यातून मी काय शिकले’ ते सांगितलं नाही. तिला गोष्ट पुन्हा हवी होती, एवढंच.

मुलांच्या पुस्तकातला फास

ॲलिस आली तेव्हा इंग्लंडमधली मुलं काय वाचत होती, हे कळल्याशिवाय तिचा दणका कळत नाही.

१८१८ साली मिसेस शेरवूड यांचं ‘द हिस्ट्री ऑफ द फेअरचाइल्ड फॅमिली’ आलं आणि पुढं कित्येक वर्षं ते घरोघरी वाचलं गेलं. त्यात भावंडं भांडतात. वडील त्यांना समजावण्यासाठी कुठं नेतात? वधस्तंभाकडं. तिथं भावाचा खून केलेल्या माणसाचं सडत चाललेलं प्रेत साखळदंडात लटकतंय. मुलांनो, बघा, भांडणाचा शेवट असा होतो. हे लहान मुलांचं पुस्तक, बरं का.

त्याच्याही आधी, १७१५ साली, आयझॅक वॉट्स नावाच्या धर्मोपदेशकानं मुलांसाठी उपदेशपर गीतं लिहिली होती. मधमाशी बघा कशी सतत कामात असते, आळशी हातांना सैतान काम पुरवतो, वगैरे. दीडशे वर्षं इंग्रजी मुलं ती पाठ करून म्हणून दाखवत होती. पाहुणे आले की ‘बाळ, म्हणून दाखव’ हा छळ फक्त आपल्याच घरात होतो असं समजू नका.

आता ॲलिसचं पुस्तक उघडा. बिळातून खाली पडल्यावर सगळं विचित्र होतं, तेव्हा ती स्वतःची खात्री करून घ्यायला वॉट्सची तीच मधमाशीची कविता म्हणू बघते. तोंडातून निघते भलतीच. उद्योगी मधमाशीच्या जागी सुस्त मगर येते, शेपटी चकाकवते आणि गोड हसून छोट्या माशांना जबड्यात बोलावते. पुढं एका सुरवंटासमोर ती रॉबर्ट साउदीची कविता म्हणते. मूळ कवितेत एक सात्त्विक म्हातारा तरुणाला संयमाचे फायदे सांगतो. ॲलिसच्या तोंडी तो म्हातारा डोक्यावर उभा राहतो, कोलांट्या मारतो आणि फार प्रश्न विचारलेस तर जिन्यावरून लाथ घालीन अशी धमकी देतो.

त्या काळच्या मुलांना मूळ कविता पाठ होत्या, म्हणून ती लोळून हसली असणार. आज मूळ कविता कुणालाच आठवत नाहीत. वॉट्सची मधमाशी जिवंत आहे ती कॅरलच्या मगरीच्या पोटात.

एवढ्यावर तो थांबत नाही. बाटलीतलं पिण्याआधी ॲलिसला आठवतात त्या गोष्टी, ज्यांतली मुलं भाजतात किंवा त्यांना जंगली श्वापदं खातात, का तर मोठ्यांनी सांगितलेले साधे नियम ती विसरली म्हणून. आणि मग डचेस येते. ही बाई म्हणजे पुस्तकातला माझा लाडका खलनायक. तिला प्रत्येक गोष्टीत तात्पर्य सापडतं. मोहरीत सापडतं, फ्लेमिंगोत सापडतं, काहीच झालं नाही तरी सापडतं. बोलता बोलता ती आपली टोकदार हनुवटी ॲलिसच्या खांद्यात रुतवत राहते. उपदेश करणाऱ्या मोठ्या माणसाचं याहून नेमकं चित्र मी कुठं पाहिलेलं नाही. गालावर प्रेम आणि खांद्यात हनुवटी.

ज्या पुस्तकानं डचेस निर्माण केली, त्याच पुस्तकातून आपण डचेससारखे धडे वेचत बसलोय.

मांजरीच्या तोंडी घातलेलं ध्येय

याचा सगळ्यांत ठळक नमुना म्हणजे चेशायर मांजरीचं ते वाक्य. कुठं जायचं ते माहीत नसेल तर कुठलाही रस्ता तिथं नेईल, अशा अर्थाचं. कॅरलच्या नावावर ते हजारो ठिकाणी फिरतंय. सूर्योदयाचा फोटो, खाली वाक्य, खाली एखाद्या प्रशिक्षकाचा नंबर. अर्थ काढलेला असतो की ध्येय ठरवा.

ते वाक्य त्या रूपात पुस्तकात नाहीच. पुस्तकात ॲलिस मांजरीला रस्ता विचारते. मांजर म्हणते, तुला जायचंय कुठं त्यावर आहे. ॲलिस म्हणते, तसं काही विशेष नाही. मग रस्त्यानं काय फरक पडतो, असं मांजर म्हणते. कुठंतरी पोचले म्हणजे झालं, अशी सारवासारव ॲलिस करते. त्यावर मांजरीचं उत्तर साधारण असं की पुरेसं चाललीस तर कुठंतरी पोचशीलच की! पुढं ती हेही सांगते की दोन्ही रस्त्यांवर वेडेच राहतात. यात ध्येय कुठं आलं? तर्कानं बिनचूक आणि उपयोगाला शून्य असं उत्तर देण्याची तर्कशास्त्राच्या मास्तराची ही मजा आहे. ॲलिस ध्येयाशिवाय पुढं जाते, आणि ध्येयाशिवाय गेली म्हणूनच तर चहापार्टी मिळते.

धडे काढता येत नाहीत तेव्हा लोक ‘गुपितं’ काढतात. कॅरल नशा करून लिहायचा, हे तुम्ही ऐकलंच असेल. त्याचा पुरावा नाही. १९६७ साली जेफरसन एअरप्लेन या अमेरिकन बँडचं ‘व्हाइट रॅबिट’ गाणं आलं, तेव्हाच्या हवेत ॲलिसच्या गोळ्या-मश्रूमांना वेगळाच वास चिकटला आणि तो अजून जात नाही. दुसरी कथा राणी व्हिक्टोरियाची. म्हणे ॲलिस वाचून खूश झालेल्या राणीनं लेखकाचं पुढचं पुस्तक मागवलं आणि आलं ते गणिताचं. स्वतः कॅरलनं १८९६ साली छापून खुलासा केला की असं काहीही घडलेलं नाही. तरी फॉरवर्ड चालूच.

या सगळ्यामागं मला एकच अस्वस्थता दिसते. पुस्तक नुसतं मजेसाठी असू शकतं, हे आपल्याला सहन होत नाही. त्यात काहीतरी लपलेलं असलंच पाहिजे. औषध, कोडं, धडा, किमान एखादा ‘टेकअवे’.

गुणपत्रकातला पाचवा रकाना

गेल्या वर्षी मला एका शाळेत कथाकथन स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. गुणपत्रकात पाच रकाने होते. पाठांतर, उच्चार, हावभाव, आत्मविश्वास, आणि पाचवा ‘गोष्टीतून मिळणारा बोध’. प्रत्येकाला दहा गुण.

चौथीतल्या एका मुलीनं स्वतः रचलेली गोष्ट सांगितली. ट्यूबलाइटमागं राहणाऱ्या पालीला शाळेत जायचं असतं. ती वर्गात शिरताना दार आपटतं, शेपूट तुटते. पाल बाहेर आणि शेपूट वर्गात. बाई हजेरी घेतात. पालीचं नाव आल्यावर शेपूट वळवळते, बाई हजेरी लावतात. असं वर्षभर चालतं. पाल आपली भिंतीवर डास खात बसते आणि शेपूट चौथी पास होते. समोर बसलेली दीडशे पोरं हसून हसून एकमेकांवर पडली. पालीला शेपूट पुन्हा फुटते, तेव्हा तिच्याकडं आता दोन शेपट्या, एक शिकलेली आणि एक अडाणी. गोष्ट खलास.

माझ्या शेजारच्या परीक्षकांनी पाचव्या रकान्यात शून्य लिहिलं. ‘कल्पना छान आहे हो,’ त्या मला म्हणाल्या, ‘पण मुलांनी घ्यायचं काय?’ पहिला नंबर मोबाइलचे दुष्परिणाम सांगणाऱ्या मुलाला गेला. त्याची गोष्ट चालू असताना मागच्या दोन रांगा एकमेकांच्या पाठीवर फुल्ली-गोळा खेळत होत्या.

मी भांडले. रकाना छापलेला आहे, असं उत्तर मिळालं. त्या बाई दुष्ट नव्हत्या. मुलांवर त्यांचं प्रेम होतं. गालावर प्रेम, खांद्यात हनुवटी.

हा रकाना आपल्याकडं आला कुठून, याचा विचार मी नंतर बरेच दिवस केला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यात नव्या शाळा उघडत होत्या, तेव्हा सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापनीती मराठीत आणली. मुलांसाठीच्या मराठी छापील गद्याची पहाट ती. काम मोठंच होतं. पण गोष्टीखाली तात्पर्य लिहायची सवयही त्याच वर्गात आपल्या अंगवळणी पडली. आपलं पंचतंत्र, हितोपदेशही नीतीच सांगतात, हे कबूल. मात्र पंचतंत्रातली नीती राजपुत्रांना राज्य कसं करावं ते शिकवणारी, धूर्त, कधी कधी चक्क बनेल. ‘मुलांनो, शहाण्यासारखं वागा’ हा सूर नव्या शाळेचा.

आणि शाळेबाहेर, आजीच्या मांडीवर काय चाललं होतं? लेकीकडं जाणारी म्हातारी वाघाला सांगते, मला जाड होऊन येऊ दे, मग खा. परत येते ती भोपळ्यात बसून, वाघाला टांग मारून. तात्पर्य काय? दिलेला शब्द पाळू नये? वाहन म्हणून भोपळा वापरावा? कुणी विचारलं नाही. कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं आणि चिमणी दार उघडायला इतका वेळ लावते की आज ती गोष्ट मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगितली तर पालक तक्रार घेऊन येतील. भोंडल्याच्या गाण्यांत तर एका ओळीचा दुसरीशी संबंध असेलच असं नाही, फेर धरायला ताल पुरतो.

म्हणजे डचेस आपल्या घरात शाळेच्या दारातून आली. ॲलिसनं ज्या वर्गाची खोडी काढली, त्याचीच एक शाखा आपल्याकडंही उघडली होती. ॲलिस मला परकी वाटत नाही ती यामुळे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप गंभीर आहे. गोष्टीनं शिकवलं तर बिघडलं काय? आपल्या देशात मुलांना शिकवण्यासारखं इतकं पडलंय, तिथं डीनच्या मुलींचे होडीविहार कसले साजरे करता?

याचं सगळ्यांत सबळ उदाहरण मीच देते. १८६३ साली, ॲलिसच्या दोन वर्षं आधी, त्याच मॅकमिलननं चार्ल्स किंग्जलीचं ‘द वॉटर-बेबीज’ छापलं. नायक टॉम हा धुराडी साफ करणारा मुलगा. त्या काळी लहान मुलांना खरोखरच धुराड्यात चढवत. पुस्तक उपदेशानं ठासून भरलंय. १८६४ साली इंग्लंडमध्ये धुराडी साफ करण्याच्या कामाबाबत नवा कायदा झाला, आणि त्याला अनुकूल जनमत तयार होण्यात या पुस्तकाचाही वाटा मानला जातो. तेव्हा उपदेश निरुपयोगी असतो असं मी म्हणणार नाही.

पण नीट बघा. किंग्जलीचा जो उपदेश कामी आला तो मोठ्यांसाठी होता. कायदा मोठ्यांनी करायचा होता, लाज मोठ्यांना वाटायला हवी होती. मुलांच्या वाट्याला त्या पुस्तकात आल्या त्या शिस्त लावणाऱ्या पऱ्या आणि स्वच्छतेची महती. आपणही हेच करतो. पर्यावरण मोठ्यांनी बिघडवायचं आणि ‘झाडे लावा’ची गोष्ट मुलांना सांगायची. लाच मोठ्यांनी घ्यायची आणि प्रामाणिक लाकूडतोड्या मुलांच्या माथी. मुलांना सांगितलेला उपदेश फुकट असतो, सांगणाऱ्याला स्वतः काहीच करावं लागत नाही.

आणि ॲलिस काय करते? पुस्तकभर मोठी माणसं तिला दटावतात, पाठांतर घेतात, वय आणि आकार विचारतात, आणि ती प्रत्येकाला उलट प्रश्न करते. शेवटच्या खटल्यात राणीला निकालाच्या आधी शिक्षा हवी असते. ॲलिस भर कोर्टात ओरडते की हा मूर्खपणा आहे. इथं मला मोह होतो आपल्या समाजमाध्यमांवरच्या खटल्यांचा दाखला देऊन झकास तात्पर्य काढायचा. नाही काढत. तुम्हाला काय दिसायचं ते दिसेल.

दुसरा आक्षेप लेखकाबद्दल, आणि तोही झटकून टाकण्यासारखा नाही. कॅरलची लहान मुलींशी असलेली जवळीक आज वाचताना खटकते. त्यानं मुलींचे फोटो काढले, त्यांतले काही विवस्त्र, पालकांच्या संमतीनं. जून १८६३ मध्ये लिडल कुटुंबाशी त्याचं काहीतरी बिनसलं, आणि त्याच्या डायरीतलं नेमकं त्या दिवसांचं पान कापलेलं आहे. त्याला संत ठरवणाऱ्यांना आणि गुन्हेगार ठरवणाऱ्यांना, दोघांनाही, त्या कापलेल्या पानावर हवं ते लिहिता येतं. मी लिहिणार नाही. पण म्हणूनच मला वाटतं, उत्सव त्याच्यापेक्षा ऐकणारीचा व्हावा. ती मुलगी खरी होती आणि तिचं आयुष्य त्या दुपारीच थांबलं नाही. तिचं लग्न झालं, तीन मुलगे झाले, त्यांतले दोन पहिल्या महायुद्धात मारले गेले. नवरा वारल्यावर पैशाची गरज पडली आणि १९२८ साली, पंचाहत्तरीत, तिनं ती हस्तलिखित वही लिलावात विकली. १५,४०० पौंडांना ती एका अमेरिकन व्यापाऱ्यानं घेतली. १९४८ साली काही अमेरिकनांनी ती पुन्हा विकत घेऊन ब्रिटनला परत केली, हिटलरविरुद्ध टिच्चून उभं राहिल्याबद्दल कृतज्ञता म्हणून. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. एका निरर्थक गोष्टीची वही एका देशानं दुसऱ्या देशाला युद्धानंतर भेट द्यावी, याचं तात्पर्य डचेसलाही जमणार नाही.

तिसरा आक्षेप, हे आपलं नाही. याचं उत्तर बंगाल्यांनी शंभर वर्षांपूर्वी दिलंय. सुकुमार राय यांच्या ‘हजबरल’मध्ये रुमालाचं मांजर होतं, हिशेबी कावळा येतो, जनावरांचा खटला चालतो. ॲलिसचं ऋण उघड आहे, आणि तरी ती गोष्ट पक्की बंगाली आहे. मराठीत भा. रा. भागवतांनी ॲलिसची जाई केली. विंदांनी एटू लोकांचा देश वसवला. जी. ए. कुलकर्णींसारख्या नियतीच्या काळोखात वावरणाऱ्या लेखकानं ‘बखर बिम्मची’ लिहिली. या पुस्तकांत बोधाचा रकाना नाही. म्हणजे रस्ता आपल्याकडंही होता. आपण तो स्पर्धांच्या गुणपत्रकांनी आणि ‘मॉरल स्टोरीज’च्या चॅनेलांनी बुजवत आणलाय.

तुम्हालाही लागू

हे सगळं लहान मुलांचं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर स्वतःचा फोन बघा. पुस्तकांचा पंधरा मिनिटांत सारांश देणारी ॲप्स. सिनेमातून शिकण्यासारखे सात मुद्दे. ट्रेक केला तर त्यातून नेतृत्वाचा धडा, ब्रेकअप झालं तर त्यातून ‘ग्रोथ’. चौथीत पाचव्या रकान्यात शून्य मिळू नये म्हणून जे मूल आपल्या पालीला बोध चिकटवायला शिकतं, तेच पंचविशीत स्वतःच्या सुट्टीला बोध चिकटवतं. उपयोग सांगता येत नसेल तर आनंदाचाही त्याला अपराध वाटतो. घातक म्हणाले ते यासाठी.

ॲलिसचा सारांश होत नाही. एकदा करून बघा: मुलगी बिळात पडते, लहान-मोठी होते, काही प्राण्यांशी वाद घालते, जागी होते. हाती काहीच लागत नाही. सगळी मजा त्या वादात आहे, उंदराच्या शेपटीच्या आकारात छापलेल्या त्याच्या कर्मकहाणीत आहे, रोज तासातासानं कमी होत जाणाऱ्या शाळेत आहे. ती वाचावीच लागते. पुस्तकाचा स्वामित्वहक्क कधीच संपलाय, टेनिअलच्या चित्रांसकट ते फोनवर फुकट मिळतं, आणि एकेक प्रकरण लोकलच्या चार-पाच स्टेशनांत संपतं.

आणि कधी एखादं पोर तुमच्याकडं गोष्ट मागायला आलं, तर फोन देऊ नका आणि पाठ असलेली गोष्टही सांगू नका. कुठल्यातरी प्राण्याला कुठल्यातरी बिळात सोडा. पुढं काय होणार ते तुम्हाला माहीत नसू दे. पोर मधेच टोकेल, चुका काढेल, पात्रं बदलेल, बदलू द्या. गोष्ट संपली की ‘मग काय शिकलास?’ हे तीन शब्द तोंडावर येतील. ते गिळा. ते पोर बहुधा म्हणेल, ‘परत सांग.’